वळणाचा ठसा

माझा भाऊ गेला तेव्हा त्याची पटाशी लाकडातच रुतून राहिली होती. मी अंगणात रंगाच्या हंड्याखाली जाळ सारत होते आणि तो नेहमीसारखा दाराजवळच्या बाकावर ठसा कोरत बसला होता. वाकलेला दिसला तर मला वाटलं, भुसा फुंकतोय. म्हटलं, जेवायला ऊठ आता, ठसा काही पळून जात नाही. उत्तर आलं नाही म्हणून मी चिडले, चांगलं दोनदा ओरडले. मेलेल्या भावावर ओरडणारी मी एकटीच बहीण असेन.

आमची गल्ली कापड छापणाऱ्यांची, नदीला लागून. लाकडावर नक्षी कोरायची, तो ठसा रंगाच्या गादीवर दाबून कापडावर ठोकायचा, मग कापड उकळायचं, धुवायचं, उन्हात टाकायचं. यंत्रावर छापलेलं कापड लांबच्या शहरातून तेव्हा नुकतंच यायला लागलं होतं आणि आमची माणसं ते चिमटीत धरून हसायची. पुढे कोण कुणाला हसलं ते राहू द्या. गल्लीत प्रत्येक घराची नक्षी ठरलेली, दुसऱ्याच्या नक्षीला हात लावायचा नाही. आमची वेल. कापडाच्या चारी कडांनी फिरणारी, तांबड्या पानांची.

भावाला सगळी गल्ली डावरा म्हणायची. बाकीचे उजव्या हातानं छापत, कापडाच्या डाव्या टोकापासून सुरू करत. हा डाव्या हातानं, उजव्या टोकापासून. लहानपणी त्याला पोरं चिडवायची, मोठेपणी मोठी माणसं. शिकाऊ असताना त्याला मेजाशी उभं करत नसत, म्हणत, तू कोपर मारतोस, तू कोपऱ्यात बस. तो कोपऱ्यात बसला तो कायमचाच. स्वतःचे ठसे स्वतः कोरायला लागला, मुठीसुद्धा आपल्या हाताच्या, आणि एकट्यानं छापायला लागला. काम असं करायचा की चिडवणारेच येऊन मेजापाशी गप्प उभे राहायचे. नाव मात्र डावराच राहिलं.

त्याची पोर जन्मली आणि वहिनी त्या बाळंतपणातच गेली. नवरा वारल्यावर मी माहेरी आले होतेच, ती पोर माझ्या कडेवर वाढली. चालायला लागली तशी कळलं, हीसुद्धा डावरी. भावाच्या तोंडचं पाणीच पळालं. इतका मवाळ माणूस, पण त्या एका बाबतीत कसाई. घास डावीकडून उचलला की हातावर चापट. खडू डाव्या हातात दिसला की काढून उजव्यात. तिच्यासाठी उजव्या हाताच्या पटाश्या त्यानं वेगळ्या घासून दिल्या. म्हणायचा, माझं हसं झालं तेवढं या घराला पुरे. पोरीनं ऐकलं. उजव्या हातानं कोरायला शिकली, नीटनेटकं कोरायची, आणि त्यात काडीचा जीव नसायचा. भाऊ बघायचा, मान हलवायचा आणि आपल्या ठशाकडे वळायचा.

तो मेला तेव्हा हातात होता तो ठसा वळणाचा. वेल काठानं चालत कोपऱ्यापर्यंत येते, पुढे काय? सगळी गल्ली तिथं वेल तोडायची आणि कोपऱ्यात एक फूल ठोकून मोकळी व्हायची. भावाला त्या फुलाचा राग. म्हणायचा, हे फूल नाही, ठिगळ आहे. त्याला असा एक ठसा हवा होता की वेल कोपऱ्यात शिरावी, वळावी आणि चालती व्हावी. कापडाला चार कोपरे, पण ठसा एकच, फिरवून फिरवून चारी ठिकाणी बसला पाहिजे. किती लाकडं त्यानं वाया घालवली असतील. चुलीत मी तीच जाळत होते. या शेवटच्या लाकडात मात्र वेल अर्ध्या वळणापर्यंत आली होती, आणि तिथं पटाशी उभी होती.

त्याला पोचवून आलो. मी ती पटाशी काढायला गेले तर पोरगी माझ्या आणि बाकाच्या मधे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, राहू दे बाई. बाकावर धूळ बसली तशी ती रोज पुसायची, ठशाच्या भोवतीनं फडकं फिरवायची, पटाशीला न लावता. जेवणं कमी, झोप कमी, बोलणं तर जवळजवळ नाहीच. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मीही रडले नव्हते म्हणा. हंडे होते, जाळ होता, रडायला बसलं की रंग करपतो.

त्या वर्षी नदीनं दगा दिला. पावसाळा आला तसा गेला आणि थंडीच्या तोंडाशीच पात्रात वाळू दिसायला लागली. धुलाईचे सपाट दगड, ज्यांच्यावरून एरवी पाणी खेळायचं, ते उघडे पडले. डोह उरले होते, पण आमच्या कामाला डोहाचं पाणी चालत नाही. उकळून काढलेलं कापड वाहत्या पाण्यातच धुवावं लागतं. साचलेल्या पाण्यात घातलं की तांबडा सुटतो आणि पांढऱ्यावर बसतो, सगळं कापड भिजक्या विटेसारखं होतं.

नदीकाठी प्रत्येक घराचा आपला दगड असतो. दगड म्हणजे पाणी आणि वाळवायची जागा, आणि ते नसेल तर घर म्हणजे नुसत्या चार भिंती. थंडी सरता सरता सगळ्या घरांनी आपल्या नक्षीचं एक नवं कापड काठावर पसरायचं, थोरल्यांनी बघायचं आणि दगड त्या वर्षापुरते वाटून द्यायचे. थोरले म्हणजे गल्लीतले सगळ्यांत जुने छापणारे आजोबा, कमरेत वाकलेले पण बोलण्यात ताठ. ज्या घरानं कापड पसरलं नाही त्याचा दगड गेला, त्यानं दुसऱ्याकडे कामाला जायचं. कागदावर नव्हतं हे कुठं, पण कागदावर जे असतं ते लोक मोडतात, हे कुणी मोडत नव्हतं.

आमच्या घरात छापणारा उरला नव्हता. तर चुलतभाऊ आला.

तो शेजारच्याच घरातला, पोरीचा काका. वाईट माणूस नव्हता, असं मी आज म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. दारात चपला काढल्या, भावाच्या बाकाकडे बघून हळहळला, पाणी प्यायला, मग कामाचं बोलला. पाणी कमी, दगड मोजके. तुमचा दगड मला जोडून घेऊ द्या. तुम्ही दोघी माझ्याकडे या, ताई हंडे सांभाळेल, पोरगी गादीवर रंग भरेल. पुढे तिचं कुठंतरी बघू. मी म्हटलं, आमच्याकडे ठसे आहेत. तो म्हणाला, बघू या की.

बघितलं. सगळ्यांसमोर, त्याच्या अंगणात, त्याच्या मेजावर. त्यानं वेलीचा ठसा उचलला, उलटा करून पाहिला. ठशाच्या कडेला एक बारीक खिळा असतो, छापताना त्याचा ठिपका उमटतो, पुढचा ठसा त्या ठिपक्यावर धरायचा म्हणजे जोड जुळतो. भावाचा खिळा उजवीकडे. चुलतभाऊ हसला, म्हणाला, डावऱ्याचं सगळंच उलटं. पक्कड मागवली, खिळा उपटला आणि डावीकडे ठोकला. मी अडवणार होते, पण तो छापणारा आणि मी हंडेवाली. मग त्यानं रंग घेतला आणि डाव्या टोकापासून ठोकायला सुरुवात केली. एक कड गडद, दुसरी फिकी. पानं देठावर चढली. तिसऱ्या ठोक्याला वेल मधेच तुटल्यासारखी दिसायला लागली. त्यानं मूठ बदलून पाहिली, जोर बदलून पाहिला. शेवटी ठसा ठेवला.

“लाकूड पिळलंय,” तो म्हणाला. “माणसाबरोबर ठसेही गेले म्हणायचे.”

मग पोरीनं कोरून दाखवावं असं कुणीतरी म्हणालं. तिनं आपल्या पटाश्या आणल्या, उजव्या हातानं एक पान कोरलं. सरळ, स्वच्छ पान. काकानं ते बोटानं चाचपलं आणि मोठ्या मायेनं म्हणाला की बाई, हे वाळलेलं पान आहे, वेलीवरचं नाही. माणसं हसली नाहीत, ते जास्त लागलं. घरी येताना तिनं ठसे ओच्यात घेतले होते, छातीशी धरून, माझ्या पुढे चालत होती. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसते खांदे दिसत होते.

आता लंब्याचं सांगते. कापड धुणाऱ्यांतला पोरगा, पोरगा कसला, चांगला वीस-बावीसचा, उंच म्हणून लंब्या. भावाचं कापड तोच धुवायचा. कापड न्यायला आला की आमची पोरगी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. मी एकदा म्हटलं, अगं, जमीन झिजेल. कान लाल झाले तिचे. तो तर आमचं कापड इतरांच्या गठ्ठ्यात कधी घालायचाच नाही, वेगळं घडी करून खांद्यावर न्यायचा. विचारलं तर म्हणायचा, आत्याबाई, वेल मोडते. वेल काय मोडते डोंबलाची! मला कळत होतं काय ते. मी काणाडोळा करत होते, कारण भावाला कळलं होतं आणि तो काणाडोळा करत होता.

डोह आटत चालले तसे आम्ही पात्रात खड्डे खणून पाणी काढायचो. एक दिवस खड्डा भरायची वाट बघत बसलो होतो, मी, पोरगी आणि लंब्या थोडा पलीकडे ओला गठ्ठा घेऊन. पोरगी वाळूत रेघा ओढत होती. तिचं लक्ष नव्हतं, कुठंतरी हरवून बसली होती. मी सहज पाहिलं आणि माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती वेल काढत होती. डाव्या हाताच्या बोटानं, उजवीकडून डावीकडे, आणि ओली वाळू असूनही पान न् पान उचललेलं, देठाला बाक, जसं भावाचं असायचं.

लंब्यानंही पाहिलं. गठ्ठा खाली ठेवून तो उठून आला आणि वेलीच्या बाजूनं चालत गेला, पाय लागू न देता.

“ही आपल्या घरची वेल आहे,” तो म्हणाला. “बाकीच्यांची काठावरून घसरत येते. ही चढते. इतकी वर्षं धुतोय, हाताला कळतं.”

पोरगी दचकली. बोटाकडे पाहिलं, आणि चापट बसायच्या आधीच हात मागे घेतात तसा तो हात पाठीमागे लपवला. सतराव्या वर्षातली पोर, बाप मेलेला, आणि अजून त्याची चापट चुकवत होती. मला तेव्हा भावाचा जो राग आला तो मी कुणाला सांगितला नाही. आज सांगते. इतका आला की जिवंत असता तर मी त्याच्याशी महिनाभर बोलले नसते.

“डाव्या हातानं कोरणार नाही असा मी बाबांना शब्द दिलाय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “त्यानं हशाला भिऊन तुझा हात बांधला. आता तो नाही, हसणारे आहेत. त्यांना भ्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. हात तुझा आहे.”

खड्डा भरला, आम्ही पाणी घेतलं, घरी आलो.

घरी येऊन तिनं पहिल्यांदा ठसा घेतला. काकानं ठोकलेला खिळा पकडीनं काढला. उजवीकडे जुनं भोक होतंच, त्यात बसवला. मग मूठ डाव्या हातात धरली. मी बघत होते. मुठीवर अंगठ्यासाठी एक खळगा होता, इतक्या वर्षांत आमच्या कुणाच्या लक्षात आला नव्हता, तिचा अंगठा त्यात जाऊन बसला. उजव्या हातात तो खळगा बाहेरच्या बाजूला येतो आणि ठसा कलतो, म्हणून एक कड गडद आणि एक फिकी. लाकूड पिळलं नव्हतं. धरणाराच चुकला होता. तिनं मेजाच्या उजव्या टोकाला जुनं फडकं अंथरलं, रंग घेतला, ठोकलं. पुन्हा ठोकलं. वेल चालायला लागली. फडक्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, कुठं जोड दिसेना. तिनं मान वर केली आणि हसली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. मी पदर तोंडाला लावून हंड्याकडे गेले, म्हटलं, जाळ बघून येते.

मग ती बाकावर जाऊन बसली. त्या रुतलेल्या पटाशीकडे बराच वेळ पाहत राहिली. तिनं डावा हात पुढे केला, पटाशी धरली, आणि काढली नाही. तिथूनच पुढे चालवली. जिथं बापाचा हात थांबला होता तिथून. लाकडाची एक बारीक साल वळून खाली पडली. मी ती उचलून ठेवली, अजून आहे माझ्याकडे.

काम सोपं नव्हतं. वर्षानुवर्षं न वापरलेला हात, बोटं सुजायची, मनगट धरायचं. रोज सकाळी मी कोमट पाण्यात तिचा हात धरून चोळायचे, ती ओठ चावून बसायची. एकदा पटाशी निसटली आणि अंगठ्याजवळ चांगलंच लागलं, रक्त ठशावर सांडलं. मला वाटलं आता सोडणार. तिनं चिंधी बांधली आणि ठसा पुसून पुढे सुरू. गल्लीत बातमी गेली. बायका काही ना काही मागायला म्हणून येऊन डोकावायच्या. कुणी म्हणालं, डावऱ्याची डावरी. पूर्वी हे ऐकून भाऊ खाली मान घालायचा. ही वर बघून म्हणाली, बसा ना मावशी, उजेड तेवढा सोडा.

इकडे धुणारे वर निघाले. वरच्या घळीत झरा अजून वाहत होता, पण तिथं पोचायला भल्या पहाटे निघून उन्हं कलेपर्यंत चालावं लागायचं. लंब्या निघाला त्या दिवशी आमच्या दारात आला. पोरीला काय सांगायचं होतं कोण जाणे, सांगितलं मला. म्हणाला, आत्याबाई, कापड झालं की निरोप द्या, मी येऊन नेईन. पोरगी बाकावरून उठली नाही. तो गेल्यावर मात्र पटाशी ठेवून दारापर्यंत गेली आणि रस्ता मोकळा झाला तरी तिथंच उभी. त्यानंतर रोज संध्याकाळी पाण्याला जायला तीच पुढे, आणि काठावर उभं राहून वरच्या अंगाला बघणं. मी म्हणायचे, पाणी खालच्या बाजूला आहे. ती म्हणायची, माहीत आहे.

वळणाचा ठसा पुरा झाला. तिनं कापड अंथरलं आणि छापायला लागली. उजव्या टोकापासून वेल निघाली, कोपऱ्याशी आली. वळणाचा ठसा तिनं रंगाच्या गादीवर दाबला, कोपऱ्यावर धरला, ठोकला. वेल कोपऱ्यात शिरली आणि वळून पुढच्या काठाला लागली. ठिगळ नाही, फूल नाही. ठसा फिरवून दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. शेवटी राहिला एक सरळ ठोका, जिथं शेवट सुरुवातीला येऊन मिळायचा. तिथं जरा जरी चुकलं तर सगळं पाण्यात. मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगू. ठोका ऐकू आला. उघडले तर ती रंगानं माखलेले हात कमरेवर ठेवून उभी होती आणि सुरुवात कुठं होती ते मलाच सापडेना.

मी हंडा लावला. तो तांबडा मी जितका जपून उकळला तितका आयुष्यात कधीच नाही. पण आता वाहतं पाणी. काकाची गाडी वर जाणार होती, त्याचं कापड घेऊन. मी मान खाली घालून गेले, विचारलं. तो म्हणाला, ताई, गाडीत जागा नाही. गाडी अर्धी रिकामी होती, मला दिसत होती आणि मला दिसतेय हे त्यालाही दिसत होतं. मी परत आले. निरोप कुणाबरोबर गेला ठाऊक नाही, धुणाऱ्यांचे निरोप वाऱ्यावर जातात, पण दुसऱ्या दिवशी उन्हं कलता लंब्या अंगणात उभा. धुळीनं पांढरा झालेला. पाणी प्यायला, ओलं कापड हुंगलं, पदरात गुंडाळतात तसं गुंडाळलं आणि डोक्यावर घेऊन परत फिरला. जाताना पोरीला एवढंच म्हणाला की वाटणीच्या सकाळी येतो. ती म्हणाली, ये.

वाटणीची सकाळ झाली. काठावर सगळी गल्ली. काकाचं कापड आदल्या दिवशीच गाडीतून आलं होतं, पसरलं होतं, सुबक होतं, कोपऱ्यांत फुलं होती. एकेक घर पसरत होतं. आमच्या दगडावर पोरगी उभी, रिकाम्या हातांनी. लंब्याचा पत्ता नाही. उन्हं वर आली. थोरले काठी टेकत एकेक दगड बघत पुढे सरकत होते आणि मी मनात त्या लंब्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत. पाय मोडला की काय, कापड झऱ्यात वाहून गेलं की काय. काका जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, ताई, उगीच तमाशा नको, मीच थोरल्यांना सांगतो. पोरीनं ऐकलं.

“काका, थांबा,” ती म्हणाली. “तो येईल.”

अशी म्हणाली की काका थांबला. मीही शिव्या थांबवल्या. बापाच्या घरासाठी उभी होती की त्या पोरासाठी, ते त्या वेळी वेगळं काढताच आलं नसतं. थोरले शेजारच्या दगडाशी आले, आणि वरच्या वळणावर लंब्या दिसला. धावत नव्हता. लांब लांब ढांगा टाकत, हात पुढे धरून, त्या हातांवर घडी. मी ओरडलेच की मेल्या, पळ की. तो पोचला तसा धापा टाकत म्हणाला, पळालो असतो तर घडी मोडली असती. उशीर का केलास विचारलं तर म्हणाला, पांढरं अजून पिवळट होतं, आणखी एक ऊन दिलं. एक ऊन! इथं घर चाललं होतं आणि याला पांढऱ्याची पडली होती. भाऊ असता तर त्यानंही तेच केलं असतं, हे मला पसरताना कळलं.

दोघांनी दोन टोकं धरली आणि कापड दगडावर सोडलं. दुधासारखं पांढरं, त्यावर तांबडी वेल, ऊन पडलेली. माणसं जवळ आली. थोरले वाकले, काठी बाजूला ठेवली, आणि बोटानं वेलीच्या मागे चालायला लागले. पहिला कोपरा आला, बोट वळलं. दुसरा, तिसरा, चौथा. जिथून निघाले तिथं आले आणि थांबले नाहीत, दुसरा फेरा सुरू केला. गुडघे जमिनीला टेकले होते म्हाताऱ्याचे. दुसऱ्या फेऱ्यानंतर वर बघून त्यांनी विचारलं,

“पोरी, सुरुवात कुठं आहे?”

ती म्हणाली, “बाबांच्या हातात होती.”

मी तिथं रडले. सगळ्या गल्लीसमोर, भोकाड पसरून, भाऊ गेल्यापासूनचं सगळं. कुणी हसलं असेल तर मला दिसलं नाही. काका पुढे आला, कापडापाशी बसला, कोपऱ्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला की तो खिळा मी उगाच उपटला. ती म्हणाली, भोक जागेवर होतं काका. तेवढ्यावर ते संपलं.

दगड वाटायला थोरले उभे राहिले. घराघराचं नाव घेऊन, काठीनं दगड दाखवून, मोठ्यानं सांगायची पद्धत. आमच्या दगडापाशी ते जरा घुटमळले. घराला पूर्वी भावाचं नाव लागायचं, म्हणजे त्याचं ते टोपणनाव, आणि ते घेताना लोक गालातल्या गालात हसायचे. थोरल्यांनी काठी आमच्या दगडावर आपटली.

“हा दगड डावरीच्या घराचा,” ते म्हणाले. “पाणी असो, नसो.”

कुणी हसलं नाही. पोरीनं डावा हात वर केला, हजेरी देतात तसा, नखांत तांबडा रंग अजून होता. तो हात लपवायचा तिच्या मनातसुद्धा आला नाही.

माणसं पांगली. लंब्या कापडाची घडी करत होता, वेल आत घेऊन, टोकाला टोक जुळवून. पोरगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी दगडावर बसले होते, पाठ फिरवायला हवी होती, फिरवली नाही. ती म्हणाली, आता रोज कापड निघेल, पाण्याला वर न्यावं लागेल. तो म्हणाला, नेईन. ती म्हणाली, आणि नदी भरल्यावर? एवढा लांबलचक माणूस, पण जागच्या जागी आखूड झाला. तेव्हा तिनं त्याच्या हातातून घडीचं एक टोक घेतलं आणि म्हणाली, चल, घरी चल, जेवून जा, आत्यानं तुला सकाळपासून खूप शिव्या दिल्यात. ते दोघं पुढे चालले, मधे कापड धरून, आणि मी मागून तांब्या घेऊन निघाले.

पुढच्या पावसाळ्यात नदी भरून आली. लंब्याला वर जायचं कारण उरलं नाही, आणि तो काही आमच्या घरातून हलला नाही.